प्राणिमित्र गटातल्या सर्व सभासदांना सूचना : मतभेद आणि गटातली भाषा

नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीला जुलै २०२५ मध्ये गुजरातमधल्या वनतारा या प्राणी केंद्रात नेलं, तेव्हापासून आपल्यात दोन तट आहेत. ते राहू देत. ती मठातच हवी होती असं म्हणणाऱ्याचाही तिच्यावर जीव आहे. बैलगाडा शर्यतींबद्दलही दोन्ही बाजूंनी खुशाल लिहा.

मात्र 'मटण खाणाऱ्याने प्राणिप्रेम शिकवू नये' असले टोमणे आजपासून बंद. कोल्हापुरात असं बोलून आपण रात्री अकराला जखमी कुत्रं उचलायला धावणारे हात घालवतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालण्यावरून शेजारी तक्रार करतो, तेव्हा त्याला लगेच प्राणिद्वेष्टा ठरवू नका. आधी जागा बघा. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे ती जिना, इमारतीचं दार आणि मुलांची खेळायची जागा यांपासून लांब हवी. वेळही मुलं-म्हाताऱ्यांची वर्दळ नसताना. खाऊन झाल्यावर उरलेला भात आणि कागद उचलायचेच. निम्मी भांडणं त्या खरकट्यावरून होतात.

चुकीची माहिती मात्र मत म्हणून चालणार नाही. 'कुत्रं चावलं की मिरची लावा' हा मजकूर लगेच काढला जाईल. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठायचा.

शिवीगाळ झाल्यास आधी फोन करू. पुन्हा झाल्यास ७ दिवस लिहिणं बंद. त्या काळात जखमी जनावराची खबर फोनवर द्यावी. प्राण्याला छळल्याचा आरोप असलेल्याचा फोटो, पत्ता किंवा नंबर टाकल्यास मात्र आधी इशारा मिळणार नाही, थेट कारवाई होईल. लोक त्याच्या दारात जातात आणि आपलीच तक्रार लुळी पडते.