अकरा ग्रॅम भुकटीचे पुढे काय? विज्ञानमंत्र्यांना इंदूरहून खुले पत्र

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहते, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. राजवाड्याला ज्या ई-रिक्षाने जाते, तिच्या सीटखाली शिशाच्या चार जड बॅटऱ्या आहेत. रिक्षावाले दादा त्यांची झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालतात आणि वर्ष सरेपर्यंत नव्या संचासाठी उसनवारी करतात.

याला उतारा आहे: लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे लिथियम बॅटरीच्या धन टोकासाठी वापरायची भुकटी. 1997 मध्ये टेक्सास विद्यापीठात शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्यासोबत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांनी तो जगापुढे मांडला. इतर अनेक लिथियम बॅटऱ्यांतले महागडे कोबाल्ट नाही, साधे लोखंड. फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवते, म्हणून तापले तरी पेट घेण्याची भीती कमी. मोठी खोट अशी, वीज वाहून नेण्यात फार मंद. कणांवर कार्बनचा लेप चढवला तेव्हा ते कामाला आले.

माझ्या एका विद्यार्थिनीने या लेपासाठी घरातली साखर वापरली. भुकटीत खलून, हवा लागू न देता भट्टीत तापवली. पांढुरकी भुकटी काळीभोर होऊन निघाली. तिचा शर्टाच्या बटणाएवढा सेल महिनाभर छान चालला. मग ती एका कारखान्यात गेली. 'किलोभर माल आणा, मग बोलू,' असे उत्तर मिळाले. किलोभर करायला मोठी भट्टी, लेपाचे यंत्र, कोरडी खोली लागते. ती आणायची कुठून?

2021 मध्ये केंद्राने बॅटरी कारखान्यांसाठी 18,100 कोटींची योजना आणली, ती हवीच होती. पण तिथे उतरायला वर्षाला किमान 5 गिगावॅट-तास वीज साठवतील एवढ्या बॅटऱ्या बनवणारा कारखाना उभारण्याची हमी लागते. ग्रॅममध्ये काम करणाऱ्यांनी कुणाचे दार ठोठवायचे?

गुडइनफ यांना 97 व्या वर्षी नोबेल मिळाले, तेव्हा त्यांच्या वतीने तमिळनाडूत जन्मलेले त्यांचे सहकारी अरुमुगम मंथिराम यांनी व्याख्यान दिले. अभिमान वाटला, आणि एवढी माणसे इथून गेल्याची हळहळही.

साहेब, प्रखर क्ष-किरणांनी पदार्थाच्या अंतरंगात डोकावणारे इंडस-2 हे यंत्र आमच्याच गावात, राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे. त्याच्या आसपास भुकटीपासून हातात धरता येईल असा सेल बनवणारी एक सार्वजनिक कार्यशाळा उभी करा. माफक शुल्क घ्या, पण दार बाहेरच्यांनाही उघडे ठेवा.

त्या मुलीची अकरा ग्रॅम भुकटी अजून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर