आम्ही की आपण?

स्लाऊ,
बुधवार, रात्री उशिरा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी म्हणालो, "आम्ही हरलो," आणि तू लगेच विचारलंस, "आम्ही म्हणजे कोण? बाबा, तू खेळतोस का?" तुझी आई मागून म्हणाली, "खेळत असता तर पोट तरी उतरलं असतं." मग हसण्यातच विषय गेला. पण फोन ठेवल्यावर प्रश्न काही डोक्यातून जाईना. असलं काही मला फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. त्यात एक गोष्ट कबूलही करायची आहे. ती मध्येच येईल, तेव्हा पत्र चाळू नकोस, वाच.

मराठीत एक सोय आहे बघ. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की तोही आत. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'वी'. मी पहिल्यांदा स्लाऊ टाउनच्या, म्हणजे इथल्या गावच्या फुटबॉल क्लबच्या, मॅचला गेलो तेव्हा शेजारी उभे असलेले एक आजोबा माझ्याकडे न बघताच पुटपुटले, "वी आर रबिश टुडे." मी मान डोलावली. पण घरी येईपर्यंत गाडीत हाच विचार: हा 'वी' म्हणजे आम्ही की आपण? त्यांनी मला धरलं होतं की नुसतं सांगितलं होतं?

कोल्हापुरात हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. तिथे तालीम, म्हणजे आपल्या भागाची फुटबॉल टीम, जन्माबरोबर मिळते. आडनाव मिळतं तशी. तुझे आजोबा खंडोबा तालमीचे, म्हणून मीही खंडोबाचा. पाटाकडील म्हणजे पीटीएमशी मॅच असली की शाहू स्टेडियमवर जायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि येताना भांडणं टाळत बोळाबोळांतून घरी यायचं. खेळणारी पोरं गल्लीतलीच. काल ज्याने दुकानात साखर बांधून दिली तो आज लेफ्ट बॅक. त्यामुळे त्याला शिव्या घालायचा आपल्याला पूर्ण हक्क.

२००६ साली आम्ही इथे इंग्लंडला आलो तेव्हा आजीला या गावाचं नाव सांगता सांगता नाकी नऊ आले. काका अजून 'स्लफ' म्हणतो. शेवटी मी सांगितलं, हॉर्लिक्सचा कारखाना आहे ते गाव. तेव्हा आजीचा चेहरा खुलला. स्टेशनवर उतरलं की लाल विटांची ती इमारत आणि तिची चिमणी दिसायचीच. २०१८ मध्ये कारखाना बंद झाला, आता तिथे फ्लॅट झालेत. मार्स चॉकलेटही १९३२ मध्ये पहिल्यांदा इथेच बनलं, पण त्याचं आजीला कौतुक नव्हतं.

पहिली चार वर्षं मी ऑफिस आणि घर यापलीकडे कुठे गेलो नाही. सगळ्यांशी गोड बोलायचं, रांगेत उभं राहायचं, हवेबद्दल बोलायचं. तक्रार म्हणून कशाची करायची नाही, कारण कशावरच आपला हक्क नाही. २०१० च्या हिवाळ्यात ऑफिसमधल्या एकाने ओढून नेलं, तेही स्लाऊमध्ये नाही, बीकन्सफील्डला, एम-४० मोटारवेच्या कडेला. कारण क्लबला स्वतःचं मैदानच नव्हतं. २००३ मध्ये वेक्सम पार्क सुटलं, मग काही वर्षं विंडसरला भाड्याने, मग बीकन्सफील्डला. तब्बल तेरा वर्षं ही टीम दुसऱ्याच्या ओसरीवर राहिली. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला अशी टीम जवळची वाटली यात नवल नाही, नाही का?

तेव्हा आम्ही वरून मोजत आठव्या पायरीवर होतो. काकाला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "नॉन-लीग? लीगच नाही तर खेळता काय लेका?" त्याला समजावायला अर्धा तास लागला. वरच्या चार डिव्हिजनमध्ये मिळून ९२ क्लब. त्यांच्या खालचे सगळे नॉन-लीग, आणि ते शेकड्यांनी आहेत, पायरीखाली पायरी. वर जायचं दार पूर्वी जवळपास बंदच असायचं. तळाला आलेल्या क्लबला ठेवायचं की काढायचं याचं मतदान लीगमधलेच क्लब करायचे. हे ऐकल्यावर मात्र काकाला लगेच कळलं. "म्हणजे आपल्या साखर कारखान्याच्या निवडणुकीसारखं!" अगदी तसंच. १९८७ पासून आपोआप चढ-उतार सुरू झाली. पहिल्या वर्षी स्कारबरो वर गेलं आणि लिंकन सिटी खाली आलं.

आमच्या क्लबचा इतिहास म्हणजे दार उघडण्याआधी जिना निसटण्याचा इतिहास. १९७३ मध्ये वेम्ब्लीवर अमॅच्युअर कपची फायनल खेळले, वॉल्टन अँड हर्शमकडून १-० ने हरले. १९९८ मध्ये पाचव्या पायरीवर आठवा नंबर आला, तरी मैदानाच्या अटी पूर्ण झाल्या नाहीत म्हणून खाली घातलं. वरती आठवा आलेला माणूस नापास! हे मला मॅचला शेजारी उभे राहणाऱ्या त्या आजोबांनी इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे होतो असं मला वाटायला लागलंय. १९९८ मध्ये मी राजारामपुरीत क्लासला जात होतो.

तर त्या पहिल्या दिवशी. दोन-तीनशे माणसं, पत्र्याचं छप्पर, चहाच्या टपरीवर कागदी कपात दुधाळ चहा. हाफटाइमला सगळे उठले आणि शांतपणे पलीकडच्या गोलपोस्टमागे चालत निघाले. मला वाटलं आग लागली की काय. तर आपली टीम ज्या बाजूला गोल मारणार तिकडे जायचं, असा रिवाज. मोठ्या स्टेडियममध्ये नंबराच्या खुर्चीवर बसलं की हे करता येत नाही. पुढे एकदा आमचा स्ट्रायकर मोकळ्या गोलसमोर चेंडू घेऊन विचार करत बसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे मार की लेका!" शाहू स्टेडियमवर ओरडायचो तस्सं. आजूबाजूचे वळून बघायला लागले. आजोबांनी विचारलं, म्हणजे काय? मी सांगितलं. पुढच्या वेळी तो खेळाडू तसाच घुटमळला तेव्हा आजोबा माझ्याआधी ओरडले, "मार की लेका!" उच्चार असा की कोल्हापुरात कुणाला कळला नसता. पण त्या दिवशी, चार वर्षांत पहिल्यांदा, या देशात मी मोठ्याने तक्रार केली होती आणि ती कुणाला खटकली नव्हती.

हे खेळाडू कोण, तर कुणी शाळेत पीटी शिकवतो, कुणी वायरिंगची कामं करतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव. मंगळवारच्या रात्री लांबची मॅच असली की कामावरून सुटून तसेच बसमध्ये. म्हणून त्यांच्यावर ओरडताना थोडं जपून ओरडावं लागतं. बुधवारी सकाळी तो तुमच्याच घरी बॉयलर दुरुस्त करायला यायचा.

२०१५ मध्ये आजी गेली आणि मी महिनाभर कोल्हापूरला होतो. परत आलो. ऑफिसात सगळे 'सॉरी टु हिअर' म्हणाले, कार्ड दिलं, छानच वागले. शनिवारी मॅचला गेलो. गेटजवळ प्रोग्रॅम विकायला बसणाऱ्या बाईंनी टेबलाखालून रबर लावलेला गठ्ठा काढला. मी चुकवलेल्या तीन मॅचचे प्रोग्रॅम. पैसे घेतले, बरं का, तिन्हींचे, मोजून. आणि म्हणाल्या, मधल्या दोन आपण हरलो, तू काही चुकवलं नाहीस. त्या 'वी'चं मी मनात भाषांतर केलं तेव्हा 'आपण' कधी आलं ते मलाही कळलं नाही.

२०१६ मध्ये आर्बर पार्क झालं. मैदान नगरपालिकेचं, कृत्रिम गवताचं, स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. तुझी आई त्या गवताला 'प्लास्टिक' म्हणते, पण त्यामुळे पाऊस असो, थंडी असो, आठवडाभर मुलांना मैदान भाड्याने देता येतं. मोठ्या लीगमध्ये मात्र ते चालत नाही. सटन युनायटेड २०२१ मध्ये वर गेलं तेव्हा त्यांना ते उखडून खरं गवत लावावं लागलं. आम्हाला अजून तरी ती काळजी नाही.

तुला तिथली एकच मॅच आठवत असेल. ४ डिसेंबर २०१७, लहानमोठे सगळे क्लब खेळतात त्या एफए कपची दुसरी फेरी, समोर वरच्या लीगमधलं रॉचडेल, टीव्हीचे कॅमेरे, सोमवारची रात्र. मी तुला शाळेच्या स्वेटरवर आमचा स्कार्फ घालून नेलं होतं. त्यातला पिवळा म्हणजे अगदी जेजुरीच्या भंडाऱ्याचा. ४-० ने हरलो. तू चिप्स मागितल्या, नंतर हॉट चॉकलेट मागितलं आणि तिसऱ्या गोलनंतर विचारलंस, "बाबा, आता घरी गेलं तर चालतं का?" चालतं, पण कुणी जात नाही. पुढच्या मेमध्ये किंग्ज लिनला जाऊन आम्ही २-१ जिंकलो आणि सहाव्या पायरीवर आलो. परतीच्या बसमध्ये नील बेकर आणि जॉन अंडरवूड या मॅनेजर-जोडीच्या नावाने जे काही गायलं ते पत्रात लिहिता येणार नाही. त्या दिवशी तुला ताप होता म्हणून तू आली नव्हतीस. कायम जिंकायच्या दिवशी तुला काहीतरी होतं, हे मी नोंदवून ठेवलंय.

आता ती गोष्ट.

तू दहा वर्षांची होतीस. मराठी शाळेचं गॅदरिंग होतं, शनिवारी दुपारी, आणि तू हिरकणी झाली होतीस. आईने जुन्या इरकलीचं छोटं लुगडं शिवलं होतं. मी सकाळी म्हणालो, लांबची मॅच आहे, महत्त्वाची आहे, नाही आलो तर चालेल ना? तू "चालेल" म्हणालीस. रात्री आठला मी घरी आलो. तू तोंडावरची काजळाची रेघ न पुसता बसली होतीस. विचारलंस, "जिंकलात?" मी म्हणालो, "नाही गं, १-० ने हरलो."

सई, ती मॅच झालीच नव्हती. दीड वाजता रेफरीने मैदानात चेंडू टाकून बघितला, तो उसळलाच नाही, चिखलात थप् करून बसला. मॅच रद्द. तिथून निघालो असतो तर साडेतीनपर्यंत हॉलवर पोचलो असतो. तुझं नाटक सव्वाचारला होतं, हे मला आईने नंतर सांगितलं. मी निघालो नाही. त्यांच्या क्लबहाऊसमध्ये आमच्या सात-आठ जणांबरोबर बसून राहिलो, टीव्हीवर दुसऱ्यांचे स्कोअर बघत, पावसाला आणि रेफरीला नावं ठेवत. बरं वाटत होतं. बाळासाठी रात्रीचा रायगडाचा कडा उतरलेली बाई माझ्या घरात लुगडं नेसून तयार होत होती आणि मला साधा मोटारवे उतरून यायला जमलं नाही.

खोटं का बोललो? हरलो म्हटलं की निदान मी कशासाठी तरी गेलो होतो असं वाटेल, म्हणून. इतकी वर्षं तो १-० आपल्या घरात खरा आहे. तू एकदा माझ्या वाढदिवसाच्या कार्डातही त्याची चेष्टा केली होतीस. तेव्हा सांगणार होतो, पण मेणबत्त्या लावल्या होत्या.

याचं काय करायचं ते तू ठरव. रागावलीस तर तसा फोन कर, आईला मध्ये घालू नकोस. तिला मी आजच सांगितलंय. ती काही बोलली नाही, भांडी मात्र जोरात घासली.

आणि तुला तिथे शेफिल्डमध्ये एकटं वाटतं असं म्हणालीस, त्याबद्दल. तुझ्या हॉस्टेलवरची मुलं पबमध्ये मोठ्या पडद्यावर मॅच बघतात आणि तुला कंटाळा येतो. येणारच. पण तुझ्या युनिव्हर्सिटीपासून चढ चढत गेलं की क्रॉसपूलला सँडीगेट नावाचं मैदान आहे, हॅलम क्लबचं. २६ डिसेंबर १८६० रोजी तिथे शेफिल्ड आणि हॅलम यांच्यात मॅच झाली होती. दोन वेगळ्या क्लबांमधली ती पहिली मॅच मानतात. आजही तिथे खेळतात, आणि मैदान एका बाजूला इतकं उतरतं की चेंडू सोडला तर आपणहून घरंगळेल. १८५७ चा शेफिल्ड एफसी, जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब, तोही नॉन-लीगच, आणि तोही दुसऱ्या गावात, ड्रॉनफील्डला खेळतो. मी तुला यातलं कुठलंच 'कर' म्हणत नाही. एखाद्या शनिवारी अभ्यासाचा वैताग आला तर जा. कठड्याला टेकून उभी राहा. कुणीतरी शेजारून न बघताच तक्रार करेल.

या शनिवारी मात्र तू घरी येणार आणि मी मॅचला जाणार म्हणून आई चिडली आहे. तर असं करू. सेंट पँक्रसला उतरलीस की पॅडिंग्टनला ये आणि दीडच्या आत स्लाऊला पोच. मी पुलाखाली उभा असेन. बॅग गाडीत टाकू. आईलाही आणतोय. ती म्हणाली, थर्मासमध्ये तिचा स्वतःचा चहा असेल तरच येईन. पायात दोन मोजे घाल, कृत्रिम गवत असलं तरी उभं राहायची जागा सिमेंटचीच आहे. तुझं तिकीट मी काढलंय, आजोबांच्या शेजारची जागा धरून ठेवायला सांगितलीय. त्यांना आता कमी ऐकू येतं, तेव्हा 'मार की लेका' जरा मोठ्याने म्हण.

समोरची टीम टेबलात आपल्या बरीच वर आहे. बहुतेक आपण हरू.

तुझा,
बाबा