कपाटातला अर्धा जॉब : कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
कौशल्य विकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका शासकीय आयटीआयत मी फिटरचा शिल्पनिदेशक आहे. माझ्या कपाटात पोरांना घासायला दिलेला लोखंडाचा एक तुकडा, आमच्या भाषेत 'जॉब', पडून आहे. बोटाएवढा जाड, कोपऱ्यात रोल नंबर ठोकलेला. तीन कडा काटकोनात आल्यात, चौथी राहिली. ज्यानं तो घासला तो पोरगा दिवाळीनंतर आलाच नाही.

फिटरच्या सुरुवातीच्या दिवसांत पोरांना कानस धरायला शिकवण्यातच आमचा जीव जातो. जॉब व्हाइसमध्ये आवळायचा, घासायचा, काढून काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावायचा आणि खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा व्हाइसमध्ये. बाकीची पोरं चौथ्या दिवशी हातावरचे फोड दाखवायला येतात. याच्या तळव्यांना आधीच घट्टे होते, ऊसतोडीच्या कोयत्याचे. कानसही तो कोयत्यासारखीच मनगटातून झटकायचा. तीन आठवडे ओरडलो त्याच्यावर. मग एके दिवशी हात बसला, आणि त्यानं न बोलता जॉब खिडकीकडे धरून मला दाखवला. उजेड नव्हता.

आमचं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. दसरा-दिवाळी झाली की साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली माणसं ऊस तोडायला ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरतात आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, काही तर थेट कर्नाटक गाठतात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. आणि आमच्याकडे परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. मधले चार-पाच महिने गेलेल्या पोराचं हे गणित कसंही मांडा, जमत नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शेरा मारणारा हात माझाच असतो.

"पोरगा मागं ठेवा" हे मीही आई-बापांना सांगून पाहिलंय. उचल माणशी नाही, कोयत्यावर मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बापाची कंबर धरली किंवा आईचं बाळंतपण आलं की कोयता अर्धा होतो, आणि तो पुरा करायला सोळा-सतरा वर्षांचा मुलगाच सापडतो. मुलीचं तर लग्नच उरकतात, म्हणजे नवा कोयता उभा राहतो. घरात हे चाललेलं असताना दोन वर्षांचा फिटरचा कोर्स ही त्या घराला चैन वाटते. आयटीआयचं विद्यावेतन २०२३ मध्ये महिना ४० रुपयांवरून ५०० झालं, त्याबद्दल मनापासून आभार. चाळीस रुपयांसाठी पोरांची सही घेताना माझीच मान खाली जायची. पण पाचशे रुपयांसाठी कुणी उचल परत करत नाही.

आता माझं मागणं.

२०१६ पासून केंद्राची दुहेरी प्रशिक्षण पद्धत आहे. त्यात प्रशिक्षणार्थी काही महिने संस्थेत शिकतो, काही महिने कारखान्यात, आणि कारखान्यातले दिवस प्रशिक्षणातच धरले जातात. म्हणजे उद्योगाच्या सोयीसाठी आपलं वेळापत्रक वाकतं. मग ते उसासाठी का वाकू नये? राज्यात दर हंगामात दोनशेच्या आसपास साखर कारखाने गाळप करतात. प्रत्येकाचं स्वतःचं वर्कशॉप असतं. लेथ असते, वेल्डिंग असतं, पंप उघडावे लागतात, बेअरिंग बदलावी लागतात. आणि आमच्या पोराचे आई-बाप त्याच कारखान्याचा ऊस तोडत असतात, कोपी म्हणजे झोपडी टाकून तिथंच राहत असतात. कारखान्यांशी करार करा. ऑगस्ट ते दिवाळी आमच्याकडे, हंगामात त्या वर्कशॉपमध्ये, परत आल्यावर पुन्हा आमच्याकडे. हजेरी कारखान्यातली धरा, आणि हंगामभर विद्यावेतन कारखान्याकडून द्यायला लावा, उसाच्या फडावरच्या मजुरीशी थोडी तरी झुंज देईल एवढं.

यातली खोट मला दिसते. पहाटे टोळीला माणूस कमी पडला की बाप पोराला फडात ओढणार. म्हणून तिथली रोजची हजेरी आयटीआयच्या माणसानं तपासली पाहिजे, मुकादमाच्या शब्दावर नाही. अठराच्या आतल्या पोरांना ऊस आत ओढणाऱ्या चालू गव्हाणीजवळ किंवा मिलवर उभं करायचं नाही, वर्कशॉपमध्येच ठेवायचं. आणि हे सगळं बघायला निदेशक लागतील. रिकाम्या जागा तासिकेवरच्या माणसांनी भरून आम्ही गाडा ओढतोय, त्याच माणसांच्या जिवावर ही नवी योजना काढू नका.

मुलींना मात्र मी कोपीवर पाठवा म्हणणार नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. ते खातं तुमचं नाही, ठाऊक आहे. पण आयटीआयत प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी तिथं ठरावीक खाटा मागून घेणं तुम्हाला जमण्यासारखं आहे. आणि कृपा करून मुलगी म्हटलं की शिवणकाम, हे आता थांबवा. माझ्या शेजारच्या इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ज्या दोघी आहेत, त्यांच्या वायरिंगच्या बोर्डाकडे मी माझ्या पोरांना मुद्दाम घेऊन जातो.

तीन-तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल फार लिहीत नाही. प्रमाणपत्र हातात देतानाचा फोटो छान येतो. पुढच्या हंगामात तोच पोरगा त्याच ट्रॅक्टरमध्ये दिसतो.

एक मात्र लिहितो. ऊसतोडणी यंत्राला सरकार अनुदान देतं. यंत्र फडात उतरलं की कोयते कमी होणार, आणि त्याबद्दल मला दुःख नाही. पहाटेच्या थंडीत डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढणाऱ्या बाईला कुणीही विचारावं. पण त्या यंत्राचं हायड्रॉलिक बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार, हे आजच ठरतंय. निदान बीडला तरी असं एक यंत्र शिकायला द्या. जुनं, बंद पडलेलं चालेल. उघडून बघायला तेच बरं.

आयटीआयत पाहुणे बहुधा प्रमाणपत्रं वाटायला येतात. तुम्ही दिवाळीनंतरच्या आठवड्यात या. मी हजेरीपट दाखवीन, आणि कपाटही उघडीन.

आपला,
एक शिल्पनिदेशक