कात्री कोणाच्या हातात, ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉल क्लबांच्या ‘पडद्यामागच्या’ मालिकांची ओळख क्रीडापानांवर आता वरचेवर येते. भाग किती, निवेदन कोणाचे, कोणत्या ॲपवर दिसणार, हे सगळे त्यात असते. पण काय ठेवायचे आणि काय कापायचे याचा शेवटचा शब्द कोणाचा होता, ते कुठेच नसते. आम्हा चाहत्यांचा पहिला प्रश्न नेमका तोच असतो, म्हणून हे पत्र.

इंग्लंडमध्ये हा प्रकार जुना आहे. 1994 मध्ये चॅनल फोर या वाहिनीने इंग्लंडचे प्रशिक्षक ग्रॅहम टेलर यांच्यावरचा माहितीपट दाखवला. तो क्लबवरचा नव्हता, इंग्लंडच्या राष्ट्रीय संघावरचा होता. पण पुढच्या सगळ्या मालिकांचे मूळ तिथे सापडते. ऑक्टोबर 1993 मध्ये रॉटरडॅमला हॉलंडविरुद्ध त्यांच्या कूमनने इंग्लंडच्या प्लॅटला पाडले, त्याला लाल कार्ड मिळाले नाही आणि थोड्याच वेळात त्यानेच फ्री किकवर गोल केला. तेव्हा टचलाइनवर तडफडणारे टेलर सगळ्या देशाने पाहिले. पुढच्याच वर्षी लेटन ओरिएंटवरचा माहितीपट आला. क्लबकडे पैसा नव्हता, संघ हरत होता, आणि प्रशिक्षक जॉन सिटन यांनी वर्षानुवर्षे क्लबसाठी खेळलेल्या टेरी हॉवर्डला मध्यंतरात, कॅमेऱ्यासमोर, क्लबमधून काढून टाकले. सिटन यांना त्यानंतर लीगमधल्या एकाही क्लबचे प्रशिक्षकपद मिळाले नाही. एका संतापलेल्या माणसाची वाईटातली वाईट पंधरा मिनिटे कायमची त्याच्या नावावर चिकटली. तो माहितीपट आजही थरारक वाटतो, पण त्याची किंमत कोणी मोजली हे विसरून तो पाहू नये.

क्लबांनी यातून धडा घेतला. आता दार उघडते ते करार करून. ॲमेझॉनच्या मँचेस्टर सिटीवरच्या मालिकेत 2017-18 चा हंगाम आठ भागांत आहे. संघाने त्या वर्षी 100 गुण मिळवले, 106 गोल केले. चित्रण देखणे आहे. ज्यांना डावपेचांत रस आहे त्यांना प्रशिक्षक ग्वार्दिओलांचे फळ्यासमोरचे बोलणे म्हणजे पर्वणीच. लिव्हरपूलच्या तीन आघाडीपटूंची भीती वाटते, असे ते आपल्या सहकाऱ्यांजवळ बोलतात, ते दृश्य तर कुठल्याही पत्रकार परिषदेत मिळाले नसते. तरीही सिटीचा चाहता नसलेल्या माणसाला ही मालिका तीन-चार भागांनंतर जाहिरातीसारखी वाटू लागते. जिंकणाऱ्या संघाकडे लपवण्यासारखे थोडे असते आणि दाखवण्यासारखे सारखेच सारखे असते, हे त्याचे कारण.

टॉटनहॅमच्या मालिकेबाबतची तक्रार वेगळी आहे. 1 जून 2019 रोजी प्रशिक्षक पोचेत्तिनोंनी या क्लबला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात नेले आणि 19 नोव्हेंबरला त्यांना काढले गेले. क्लबच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी घडामोड पहिल्याच भागात झटपट उरकते, दुसऱ्या दिवशी नवे प्रशिक्षक मौरिन्हो येतात आणि पुढची सगळी मालिका त्यांची होते. पाच वर्षांचा प्रशिक्षक का गेला, ड्रेसिंग रूममध्ये तेव्हा काय वातावरण होते, हे ज्याला हवे होते तो उपाशीच राहिला. याउलट जास्त वेळ खेळायला मिळावे म्हणून डॅनी रोझ मौरिन्होंच्या खोलीत जाऊन वाद घालतो, तो प्रसंग खरा आणि अस्वस्थ करणारा आहे. एकाच मालिकेत दोन्ही सापडतात, म्हणून सरसकट ‘सगळे बनावट’ म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

आर्सेनलच्या मालिकेतल्या एका दृश्याची फार टिंगल झाली. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावरच्या सामन्याआधी प्रशिक्षक आर्तेता सराव मैदानावर मोठे स्पीकर लावून लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचे गाणे वाजवतात, आणि संघ तिथे 4-0 ने हरतो. पण त्या सरावाला अर्थ होता. गोंगाटात गोलरक्षकाची हाक बचावपटूपर्यंत पोहोचत नाही, मागून येणारा खेळाडू ऐकू येत नाही. मग हाताच्या खुणा आणि मान वळवून पाहण्याची सवय लागावी लागते. हे समजावून सांगायला दोन मिनिटे पुरली असती. मालिकेने गाणे दाखवले, कारण दाखवले नाही. आघाडीपटू ऑबामेयांगचे कर्णधारपद गेले त्या प्रकरणातही क्लबची बाजू सविस्तर येते. त्याची बाजू तेवढ्या विस्ताराने येत नाही. हंगामाच्या मध्यावर क्लब सोडून गेलेल्या माणसाला पुढच्या भागांत कोण बोलावणार?

या सगळ्यांच्या वर आम्ही संडरलंडवरची नेटफ्लिक्सची मालिका ठेवतो, आणि इंग्लंडमधले कितीतरी चाहतेही तेच करतात. ती बनवणाऱ्या ‘फुलवेल 73’ या कंपनीच्या नावातच क्लब आहे: फुलवेल हा जुन्या रोकर पार्क मैदानाचा एक स्टँड, 73 म्हणजे एफए कप जिंकल्याचे वर्ष. प्रीमियर लीगमधून घसरलेला क्लब पुन्हा वर चढताना टिपायचा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात 2017-18 मध्ये क्लब सलग दुसऱ्यांदा खाली घसरला. प्रशिक्षक सायमन ग्रेसन गेले, ख्रिस कोलमन आले, तेही गेले. कॅमेरे मात्र थांबले नाहीत. या मालिकेत ड्रेसिंग रूम फारशी दिसतच नाही, आणि तिची ताकद तिथेच आहे. कॅमेरा मग क्लबच्या स्वयंपाकघरात जातो, तिकीट खिडकीवर जातो, चर्चमध्ये क्लबसाठी प्रार्थना करणाऱ्या पाद्र्याकडे जातो, टॅक्सीवाल्याशेजारी बसतो. दुसऱ्या पर्वात ऊन-पावसाने लालाच्या गुलाबी झालेल्या खुर्च्या चाहते स्वतः उखडून नव्या बसवतात. कोळशाच्या खाणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या मैदानाचे गावाशी काय नाते आहे, ते यातून कळते. त्याला कुठल्याही निवेदनाची गरज पडत नाही.

त्याच पर्वात 31 जानेवारी 2019 ची संध्याकाळ आहे. खेळाडू विकत घेण्याची मुदत संपत आलेली. आघाडीपटू विल ग्रिगची किंमत ठरवलेल्या आकड्याच्या पुढे गेलेली, आणि मालक स्टुअर्ट डोनाल्ड फोनवर बोली वाढवत राहतात. ग्रिगने नंतर अपेक्षेइतके गोल केले नाहीत. क्लबचा पैसा कसा चुकतो हे इतक्या जवळून दाखवणारे दुसरे दृश्य आम्हाला माहीत नाही. लंडनच्या वेम्बली मैदानावरचे त्या हंगामातले दोन्ही पराभवही आहेत: मार्चमध्ये पोर्ट्‌समथविरुद्ध पेनल्टीवर, मेमध्ये चार्ल्टनविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी.

रेक्सहॅमची मालिका लोकप्रिय आहे आणि पाहायला गोड आहे. फक्त एवढे ध्यानात असावे की क्लबचे मालक रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेलहेनी हेच मालिकेचे कार्यकारी निर्मातेही आहेत.

आता पाहताना काय तपासावे ते. दिवसाला चार तास चित्रण धरले आणि 200 दिवस धरले, तर 800 तास होतात. पाऊण तासाचे आठ भाग म्हणजे सहा तास. म्हणजे दाखवलेल्या प्रत्येक तासामागे 130 हून अधिक तास बाजूला पडले. संकलनातले सांधे कुठे आहेत ते थोडे लक्ष दिले की ओळखू येते. प्रशिक्षक बोलू लागतो तेव्हा त्याचा चेहरा दिसतो, मध्येच चित्र खेळाडूंच्या बुटांवर जाते आणि आवाज चालू राहतो. तिथे दोन वेगळी वाक्ये जोडलेली असू शकतात. हेडफोन लावून ऐकले तर मागची पंख्याची किंवा एसीची घरघर अचानक बदललेली कळते. फळ्यावरची आकृती, दाढीची वाढ, गुडघ्याची पट्टी पाहावी. गोलनंतर प्रेक्षक उसळतात त्या दृश्यात ऊन कोणत्या बाजूने आहे ते सामन्याच्या दृश्याशी ताडून पाहावे.

हे सगळे महाराष्ट्राला आणि गोव्याला लांबचे नाही. गोव्यात 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब या तिन्ही क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. मुंबईत महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि पाच वर्षांत संघच बंद झाला. अशा दिवसांत क्लबच्या आत कॅमेरा असता तर संडरलंडइतकीच मोठी गोष्ट आपल्या हातात असती. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने मोबाइलवर टिपणारी पोरे भरपूर आहेत. त्यांच्यापैकी कोणी एका तालमीचा पूर्ण हंगाम टिपायला घेतला, तर काही गोष्टी आधीच ठरवाव्यात.

पहिला कागद कराराचा, एक पानाचा. दुखापत, औषधोपचार, घरगुती बाब यांवर खेळाडूला आक्षेप घेता येईल आणि तेवढा भाग निघेल. पराभव, भांडण आणि चुकलेला निर्णय यांवर आक्षेप चालणार नाही. हे पहिल्या सामन्याआधी लिहून घ्यावे, कारण पहिल्या पराभवानंतर कोणी सही करत नाही. अठरा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी आई-वडिलांची सही वेगळी हवी. पहिले दोन-तीन आठवडे फक्त सराव टिपावा. लगेच ड्रेसिंग रूममध्ये शिरले की प्रशिक्षक कॅमेऱ्यासाठी बोलू लागतो आणि खेळाडू गप्प होतात.

चित्रापेक्षा आवाज आधी बिघडतो. प्रशिक्षकाला कॉलर माइक शर्टाच्या आतून चिकटपट्टीने लावावा, वर फोमची टोपी असावी, नाहीतर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. प्रत्येक खोलीत कोणी बोलत नसताना 30 सेकंदांचा आवाज घेऊन ठेवावा. संकलनात तो फार उपयोगी पडतो. दिव्यांखाली फोन सेकंदाला 30 फ्रेमवर असेल तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे. 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवावे. स्पीकरवर चित्रपटगीत वाजत असताना महत्त्वाचे बोलणे टिपू नये, पुढे यूट्यूबवर हक्काचा दावा येतो. आणि त्याच रात्री चित्रणाच्या दोन प्रती काढून दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.

संपादक महोदय, अशा मालिकेची पुढची ओळख छापाल तेव्हा तीन ओळी जादा द्या: क्लबला पैसे मिळाले का, संकलनावर क्लबचा अधिकार होता का, आणि त्या हंगामातली कोणती मोठी घटना मालिकेत नाही. तिसरी ओळ लिहिण्यासाठी त्या हंगामाचे निकाल आणि बातम्या शेजारी ठेवून मालिका पाहावी लागेल. तेवढा वेळ तुमच्या क्रीडा प्रतिनिधीला जरूर द्यावा.

आपले,
काही फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर