कन्नड लिपीत लिहिलेली आमची मराठी

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे ठाऊक असूनही हे पत्र मराठीतच लिहीत आहे, कारण तसा धीर मला तुमच्याकडूनच मिळाला.

तुमच्याकडे थेरपीसाठी येण्यापूर्वी ज्या केंद्रात आम्ही आमच्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला नेत होतो, तिथे पहिल्याच आठवड्यात बजावण्यात आले की घरात मराठी बंद करा, नाहीतर त्याचा गोंधळ होईल. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, याला संशोधनाचा आधार नाही, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला माहीत नव्हते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जन्म गेलेल्या माझ्या सासूबाईंना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. आपल्यामुळे नातवाचे नुकसान नको म्हणून आठ महिने त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो मांडीवर येऊन बसे आणि त्या नुसता त्याच्या केसांतून हात फिरवीत. त्या आठ महिन्यांबद्दल आमची आजवर कुणी क्षमा मागितलेली नाही.

पहिल्या भेटीत तुम्ही फाईल बाजूला ठेवलीत, खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसलात आणि अडखळत विचारलेत, "आज्जी, तुम्ही याला जेवायला कसं बोलावता?" बोलू का, म्हणून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "ये की रे राजा, चुलीपाशी बस, भाकरी खा की." तुम्ही ते वहीत कन्नड लिपीत उतरवून घेतलेत आणि मोठ्याने वाचून दाखवलेत. 'चुली'तला 'च' कन्नडमध्ये नाही, तो तुम्हाला जमेना. सासूबाईंनी तीनदा म्हणून दाखवला आणि तुम्ही तीनदा त्यांच्यामागून म्हटलात. त्या दिवशी त्या घरी येताना बसमध्ये सबंध वाट नातवाशी बोलत होत्या.

वेगळ्या भाषेच्या आणि चालीरीतींच्या कुटुंबांसोबत काम करण्याचे प्रशिक्षण आपण घेतले आहे, त्यात घराला आधी विचारायला आणि घरातल्याच वस्तूंची चित्रे वापरायला शिकवतात, असे तुम्ही नंतर सांगितलेत. ते प्रत्येक थेरपिस्टला मिळायलाच हवे. भाषिक अल्पसंख्याक मुलांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणासाठी राज्यघटनेत १९५६ साली ३५०-क हे कलम आले, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश झाला. तरीही आमचे मूल थेरपीच्या खोलीत शिरताना त्याची भाषा चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायला सांगितली जाते. मात्र एका म्हाताऱ्या बाईकडून उच्चार शिकून घेण्याची नम्रता प्रशिक्षणाने येत असेल, असे मला वाटत नाही. भाषेवरून पाठ फिरवणारी माणसे या सीमाभागात आम्ही पुष्कळ पाहिली, पण दुसऱ्याची भाषा येत नसतानाही त्याच्या दारापर्यंत चालत येणारी माणसेही याच मातीतली आहेत.

गेल्या गुरुवारी सासूबाईंना ताटावर यायला उशीर झाला, तेव्हा मुलाने स्वयंपाकघरातून हाक मारली, "ये की." हे तुम्हाला आवर्जून कळवायला त्यांनी सांगितले आहे. पुढच्या भेटीला येताना त्या तुमच्यासाठी चुलीवरची भाकरी आणणार आहेत.

आपली कृतज्ञ,
एक आई