वनमंत्र्यांना खुले पत्र: कॉलर चित्त्याच्या गळ्यात होती, शेळीच्या नव्हे

मा. वनमंत्री महोदय, भोपाळ यांस,

स.न.वि.वि.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला निवृत्त मास्तर. 31 वर्षं भूगोल शिकवला. चित्ते आले तेव्हापासून महिन्यातून दोनदा शिवपुरी-पोहरीची बस धरून कूनो राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवरच्या एका सहरिया आदिवासींच्या गावात जातो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी तुमच्या खात्याची न होता त्यांचीच होईल.

काम साधं आहे. भिंतीवर चित्रं लावायची आणि समजावायचं: बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी वर्तुळं, चित्त्याचे ठिपके भरीव आणि डोळ्यांखालून काळी रेघ. चित्ता दिसला तर वाट सोडा, गर्दी करू नका, दगड तर मुळीच मारू नका, फॉरेस्टवाल्यांना फोन करा. नुकसान झालं तर सरकार भरून देईल. हे शेवटचं वाक्य माझं नव्हतं. वन्यजीव सप्ताहात मला शाल-श्रीफळ देताना तुमच्या एका अधिकाऱ्याने ते मंचावरून म्हटलं, वर ‘तीस दिवसांत’ अशी पुस्तीही जोडली. मी भाबडेपणाने ते घरोघर पोचवलं.

पौषातल्या एका रात्री गावातल्या एका विधवा बाईच्या 5 शेळ्यांपैकी 3 गेल्या. काठी घेऊन ती दारात उभी होती. जनावर पंधरा पावलांवर. सकाळी मला फोन करून म्हणाली, “मास्साब, तुमने कई हती के पथरा मत मारियो, सो हमने नईं मारो.” हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो.

पंचनाम्याला माणूस आला चौथ्या दिवशी. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथे झोपाही केला नाही. दोन शेळ्या ओढून नेलेल्या, तिसरी कुत्र्यांनी संपवलेली. “मृत जनावर दाखवा.” कुठून दाखवणार? मग निष्कर्ष निघाला: चित्ता नाही, बिबट्याही नाही, गावचीच कुत्री असावीत. कुत्र्यांना भरपाई नसते.

महोदय, चित्त्यांच्या गळ्यात सॅटेलाइट कॉलर आहे. त्यांच्यामागे माणसं रात्रंदिवस फिरतात. कोण कुठे झोपला, कोणी काय खाल्लं, कोणाला किती पिल्लं झाली, सगळं तुमच्या वहीत असतं. मग त्या रात्री त्या शेतात कोण होतं, ते वही उघडून सांगा ना! मी ते लेखी विचारलं. उत्तर आलं, ही माहिती सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही. कोणाची सुरक्षा? शेळ्यांची तर नव्हतीच.

आता माझं ऐका, कारण माझंही नुकसान झालंय. गुडघे गेलेत, बसच्या मागच्या सीटवर पाठ मोडते. पेन्शनमधून 9,000 रुपये त्या बाईला दिले, तर घरात बायको म्हणाली, “सरकारची देणी तुम्ही कधीपासून फेडायला लागलात?” आमच्या गोठीच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, गणपतीत मी चित्त्यांच्या स्लाइड दाखवून टाळ्या घेतल्या होत्या; यंदा कोणत्या तोंडाने जाऊ? पण खरं दुःख वेगळं आहे. पूर्वी मी गावात पोचलो की कोणीतरी खाट टाकायचं. गेल्या दोन खेपांना उभाच होतो. तुमची शाल कपाटात आहे, परत पाठवू का?

आणि ही पहिली वेळ थोडीच आहे? याच कूनोतून 24 गावं उठवली होती, सिंहांसाठी. दीड हजारांहून जास्त कुटुंबं, बहुतेक सहरिया. जंगलातला सलईचा डिंक सुटला, बदल्यात 2-2 हेक्टर जमीन मिळाली, त्यात पुष्कळशी खडकाळ. सिंह काही गीरहून आले नाहीत. 2013 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत आणा म्हटलं, तरीही नाहीत. मग 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून 8 आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून 12 चित्ते उतरले. जागा ज्याच्या नावाने रिकामी केली तो आलाच नाही, दुसराच पाहुणा आला. पाहुणा तुपाशी, घरधनी उपाशी. शिवपुरी जिल्ह्यातल्या करैऱ्याला माळढोकासाठी अभयारण्य केलं, शेतकऱ्यांच्या जमिनींचे व्यवहार अडकले, माळढोक नाहीसा झाला, अधिसूचना मात्र त्याच्यानंतर कितीतरी वर्षं जिवंत राहिली. या राज्यात कागदाचं आयुष्य जनावराहून मोठं असतं.

2025 च्या मार्चमध्ये श्योपुरात ‘ज्वाला’ या चित्ता मादीवर आणि तिच्या पिल्लांवर लोकांनी दगड फेकले, तेव्हा सगळे हळहळले. मीही. काही दिवसांनी चित्त्यांना परातीत पाणी ओतून देणाऱ्या वनखात्याच्या ड्रायव्हरवर कारवाई झाली. नियम असेल, मी वाद घालत नाही. पण गावकऱ्याने यातून काय शिकायचं? दगड मारला तर गुन्हा, पाणी पाजलं तरी गुन्हा, आणि नुसतं काठी धरून उभं राहिलं तर शेळ्या कुत्र्यांनी खाल्ल्या!

मागणं फार नाही. त्या बाईचे पैसे द्या. पंचनाम्याचा माणूस त्याच दिवशी पाठवा, किंवा गावातल्याच एखाद्या मुलाच्या मोबाइलवरचा फोटो आणि पावलांचा ठसा ग्राह्य धरा. आणि मंचावरून ‘तीस दिवस’ म्हणणाऱ्याला एकदा माझ्याबरोबर पोहरीच्या बसने पाठवा. तिकीट मी काढीन.

आपला,
एक निवृत्त मास्तर, लष्कर, ग्वाल्हेर

ता. क. हे लिहीत असतानाच फोन आला. मी केलेली तक्रार ‘संतुष्टिपूर्वक बंद’ झाल्याचं एका मुलीने गोड आवाजात सांगितलं. कोण संतुष्ट झालं, असं विचारलं, तर तिने माझंच नाव वाचून दाखवलं.