शाळेच्या भिंतीसाठी मदत पाहिजे, मृग लागायच्या आत!

गावकरी मंडळी अन् पुण्या-मुंबईला असलेल्या आपल्या सगळ्या पोरांनो, राम राम.

दोन वर्षांखाली समाजमंदिराच्या भिंतीवर मंडळानं खोकड, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्याचं चित्र, काढलं ते सगळ्यांना माहितीच आहे, झुपकेदार शेपटीचं काळं टोक, तोंडात उंदीर, येडशीकडं जाणाऱ्या गाड्या थांबून लोक फोटो काढायचे. ते झालं कोणामुळं, तर पेंटर मामांनी मजुरीचा एक रुपया घेतला नाही, हार्डवेअरवाल्या भाऊंनी प्रायमरचे डबे उधार दिले अन् नंतर उधारीच्या वहीतलं पानच फाडून टाकलं, बचत गटाच्या ताईंनी रोज दुपारी पिठलं-भाकरी पाठवली. मंडळ हे कधीच विसरणार नाही.

यंदा शाळेची रोडकडची लांब भिंत घेतलीय. काळवीट पळायलेत, मागून एक लांडगा हाकतोय अन् पुढं गवतात दुसरा दबा धरून बसलाय. हे सांगितलं मेंढरावाल्या बापूंनी, त्यांनी माळावर डोळ्यानं बघितलंय. दुसऱ्या टोकाला गव्हाणी घुबड. लोक अजून अपशकुनी म्हणून त्याला दगड मारायलेत, पण पोरांनी जुन्या वाड्यात त्यानं ओकलेल्या गोळ्या फोडल्या तर आत नुसत्या उंदराच्या कवट्या, म्हणजे आपल्या ज्वारीची राखण तेच करायलंय. शाळेवर शिकार कशाला, नुसती हरणं काढा असं काहीजण म्हणाले. पण लांडगा नसला तर काळवीट एवढं पळतंय कशाला, हे लेकरांना कळणार कसं? यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ आपल्या येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात आला तवा सगळा जिल्हा बोलत होता, अन् आपल्या माळावरच्या लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे हे कोणाला माहितीच नाही.

एक गोष्ट मनाला लागलीय. खोकडासोबत सेल्फी सगळ्यांनी काढले पण वर्गणीच्या वहीत तीच ती नावं. वरून कोणीतरी त्याच्या तोंडावर वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलं, काढताना रंगासकट पापुद्रा निघाला. मामांना लई वाईट वाटलं.

भिंतीला ओल आहे, खरवडून पुट्टी मारावी लागती, पाऊस सुरू झाला की कलर धरत नाही. बाहेरच्या भिंतीचा कलर, प्रायमर, पुट्टी, परांचीचे बांबू, पाण्याचा टँकर काहीही चालेल, वर्गणी ५०१ पासून पुढं, खजिनदारांकडं नाहीतर ग्रुपवरच्या क्यूआर कोडवर, स्क्रीनशॉट नावासकट टाका, पावती मिळेल. रविवारी सकाळी ७ ला खरवडायला शाळेत या, तारेचा ब्रश असंल तर घेऊन या.

- सचिव